ओलावा सतरा

यंत्राच्या डबीत मूठभर मका घातला,
आकडा आला सतरा.
चौदाच्या वर कंपनीची गाडी माल भरून घेत नाही
हे मी बोललो नाही. जालिंदर शितोळेंना ठाऊक होतं.
त्यांनी आभाळाकडे पाहिलं,
मग ट्रॉलीचा फाळका सोडला.

मी केडगावच्या उपबाजारातला मापाडी.
काटा, पावती, कार्बन, एवढंच माझं काम.
पण मका वाळायला दिवस लागतो
आणि दिवसभर माणसं गप्प बसत नाहीत.

फरशीभर पिवळं पसरलं.
कडेला बारदानावर चारपाच जण, मधे किटली.
जालिंदर म्हणाले,
"ऊस मोडून मका धरला तो इथेनॉलपायी.
एका साली म्हणाले, रस टाकीत घालू नका,
दुसऱ्या साली म्हणाले, घाला.
ऊस काय तेवढ्यात उपटून परत लावायचा?
मका बरा. पूर्वी कोंबड्या भाव ठरवायच्या,
आता मोटारी ठरवतात.
मोटारीला मर तर येत नाही!"

सुलभा होले हसल्या नाहीत.
पाटसला त्यांचे आठ हजार पक्षी.
"पहाटे चारला माझ्या शेडात येऊन उभे राहा.
आठ हजार चोची वाजतात रिकाम्या भांड्यांवर.
टाकीला भूक नसते, दादा.
तिला नुसतं रिकामं होता येतं."

निवृत्ती टिळेकरांनी पेपरची घडी मांडीखाली सारली.
"बाहेरच्या मक्याची बोट येणार म्हणे.
नुसत्या 'म्हणे'वर शंभर रुपये उतरले.
बोटीला बंदर लागतं, बातमीला लागत नाही."

अस्लम तांबोळी कांदेवाले. त्यांचा इथं मालच नव्हता,
तरी ते सगळ्यांत मोठ्यानं बोलले.
न्हाव्याला त्यांचा कंटेनर उभा होता,
रात्री साडेनऊला आदेश निघाला, निर्यात बंद.
"कांद्याला कोण सांगणार?
तो बसला आत घाम काढत."

लिंबाजी हमाल अनवाणी पायांनी मका फिरवत होता,
पाय न उचलता, घासत, एक सरळ रेघ, मग तिच्या शेजारी दुसरी,
वाफसा आल्यावर पाळी घालावी तसा.
तो आला की पारवे उठायचे,
तो वळला की बसायचे.
पारव्यांना कुणी भाव विचारला नाही.

दोन वाजता सोळा.
"ऊन तरी आयात करावं लागत नाही," कुणीतरी म्हणालं.
"हळू बोला," टिळेकर म्हणाले, "ऐकतील."

पावणेचारला सुलभाताईंनी एक दाणा दाढेखाली धरला.
कट्ट.
"चौदा."
यंत्र म्हणालं, चौदा पूर्णांक दोन.
ड्रायव्हर यंत्राकडे बघत होता, मी त्यांच्या दाढेकडे.
"दमट दाण्याला बुरशी धरते," त्या म्हणाल्या,
"आणि बुरशीनं माझी निम्मी शेड आडवी होते.
ज्याला भीती जास्त, त्याचा काटा बरोबर."

मी पावतीवर चौदा लिहिलं.
गाडी भरली, सुतळ्या बांधल्या,
छप्पन्न पोती, कंपनीचा शिक्का.
उरली झाडलोट : फुटके दाणे, भुसा, एक पारव्याचं पीस.
सुलभाताईंनी दोन गोण्या भरून घेतल्या
आणि पाकीट उघडलं.
झाडलोटीचे पैसे कसले, म्हणाले जालिंदर.
मग घेतले. मोजूनही घेतले.
वाद मिटला नव्हता, चहा तेवढा संपला होता.
अस्लमभाई गाडीला किक मारेपर्यंत बोलत होते.

घरी जाताना चौफुल्याच्या पंपावर
दोनशेचं पेट्रोल टाकलं.
नळी काढताना दोन थेंब बोटावर आले.
वास घेऊन पाहिला.
मक्याचा नव्हता. उसाचाही नव्हता.
पंपावरचा पोरगा म्हणाला, काका, शून्य बघितलं ना?
बघितलं रे.
सकाळपासून तेच बघतोय.