माया

गावाचं नाव लिहायचं एक, म्हणायचं कीथली.
इथे एकतीस वर्षं मी कपडे उसवते.
लोक म्हणतात शिवते. पण आधी उसवावंच लागतं.

काउंटरवर आज पांढरा गाऊन,
चॅरिटीच्या दुकानातला, चाळीस पौंडांचा.
त्याच्यामागे ताशा, एकवीस वर्षांची, ओठ चावत:
शनिवारी लग्न, आणि चेन लागत नाही.
सहावा महिना. कशी लागेल?
मी टाचण्या तोंडात धरल्या.
तोंडात टाचण्या असल्या की
काही बोलावं लागत नाही.

लग्न आमच्याच चर्चमध्ये.
आमचं म्हणजे नऊ बायका, दोन पुरुष,
छत गळतं तिथे एक निळी बादली.
ईस्टरनंतर इमारत विकणार.
कुणी गालिचेवाला घेतोय म्हणे.

गेल्या रविवारी पाळकबाई म्हणाल्या,
मंडळी म्हणजे वधू, आणि वर येतो आहे.
डाग नाही तिच्यावर, सुरकुती नाही.
मी मागच्या बाकावरून वधूकडे पाहिलं.
वधूला ऐकू कमी येतं.
वधूचा डावा गुडघा बदललाय.
वधू पहिल्या बाकावर, नाकात ऑक्सिजनची नळी,
पेपरमिंट चघळतेय आणि कागद चुरचुर वाजवतेय.
मिसेस ओल्डरॉइड.
मी नवी आले तेव्हा ह्याच वधूनं विचारलं होतं,
तुमच्या लोकांचं वेगळं चर्च नसतं का?
आणि शांतवन गेले तेव्हा सात दिवस
हिनंच माझ्या पायरीवर सूप ठेवलं.
अळणी.
मी सातही दिवस ते प्यायले.

डाग नाही म्हणे.
इस्त्रीवालीला विचारा.
गरम दाबला की डाग उलट पक्का बसतो.

माझं लग्न जालन्याच्या मिशन कंपाउंडात.
राहुरीहून निघालेली एस.टी. वाटेत बंद पडली,
करवल्या भिंतीला टेकून झोपल्या,
आई पेट्रोमॅक्सला पंप मारत राहिली.
रात्री दीड वाजता नवरदेव आला,
बाहीवर ग्रीस, गाडी ढकलल्याचं.
"उशीर झाला," एवढंच म्हणाला.
तेव्हा वाट पाहणं
मला कुणी शिकवू नये.

रात्री दुकानात गाऊन उलटा केला
आणि आत सापडली माया.
दोन्ही कुशींना दीड-दीड इंच.
शिवणीत दडवलेल्या जादा कापडाला
आम्ही माया म्हणतो.
इथल्या भाषेत त्याला जो शब्द आहे
त्याचा अर्थ भत्ता.
कोण होती ती, कुठे बसून शिवत होती,
जिला माहीत होतं
की माप घेतलेली बाई
त्या मापात राहणार नाही?

टाका टाका उसवला.
आतलं कापड अजून दुधासारखं,
बाहेरचं चहाकडे झुकलेलं.
सोडल्यावर दोन्ही बाजूंना दोन पट्टे उमटले.
ते लपणार नाहीत, मी ताशाला फोनवर सांगितलं.
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, दिसू देत.
चेन लागेल ना?

शनिवार. पाऊस तिरपा.
बादली आपलं टपटप मोजतेय.
नवरदेवाची व्हॅन बिंगलीच्या रस्त्यावर अडकलीय,
कुणीतरी निरोप आणला.
उभे राहिलेले सगळे पुन्हा बसले,
गुडघे वाजले.

ताशा दारातच, थंडीनं निळी.
मिसेस ओल्डरॉइड नळीसकट उठल्या,
सिलिंडरची ढकलगाडी ओढत दारापर्यंत गेल्या,
तिच्या तळहातावर पेपरमिंट ठेवलं
आणि तिच्या शेजारीच उभ्या राहिल्या,
रस्त्याकडे तोंड करून.

मी खाली बसून कुशीची शिवण चाचपली.
ताण पडलाय. पोर आत लाथा मारतंय.
पण अजून अर्धा इंच
शिल्लक आहे.