दीड इंच सैल

लबक, पश्चिम टेक्सास. चौतिसाव्या रस्त्यावर
माझं दुकान: उसवणं, आवळणं, सैल करणं.
कोण काय बाळगतं ते मला आधी कळतं.
कंबर दीड इंच सैल मागितली, तर पिस्तूल मोठं.
पाऊण इंच, तर छोटं.
आणि "नॅडीन, जरा सुटलोय मी" म्हणत
कुणी आरशाकडे पाहिलंच नाही,
तर अजून ठरलेलं नाही.

व्हर्लन हॅस्केटनं मार्चमध्ये चार पँटी आणल्या.
दीड इंच.
चाळीस वर्षं कापसाच्या शेतांवर पंप दुरुस्त केलेला माणूस,
बोटांचे सांधे अक्रोडासारखे.
म्हणाला, मोठंच बरं. वजन धक्का पिऊन टाकतं,
पूर्ण मूठ बसते, पंधरा गोळ्या.
"पंधरा कुणासाठी, व्हर्लन?"
माझ्या तोंडात टाचण्या होत्या,
त्याला नीट ऐकू गेलं नसावं.

जूनमध्ये परत आला.
बाहेर एकशे चार अंश, आणि अंगात जाकीट.
शर्टावर आतून उमटतं, म्हणाला,
वाकलो की दस्ता दिसतो,
बँकेतली बाई माझ्याशी फार हळू बोलायला लागलीय.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
पण ही मूठ झाकायला
हिवाळा लागतो.

मग छोटं घेतलं. चारही पँटी आवळल्या.
आठवडाभर खूश. किल्ल्यांसारखं, असल्याचं आठवतही नाही.
शनिवारी रेंजवर जाऊन आला
आणि सोमवारी माझ्या काउंटरवर तळहात उघडून ठेवला:
अंगठ्याच्या बेचक्यात लाल चट्टा.
जेवढं लहान तेवढी लाथ जबर.
"आणि ही बघ," करंगळी वर करून,
"हिला जागाच नाही. दस्ता संपतो आणि ही हवेत,
चहा पिणाऱ्या राणीसारखी.
सात यार्डांवरचा माझा कागदी माणूस वाचला.
शेजाऱ्याचा मेला."
हसला. मग हसला नाही.
"जे पेलतं ते नेता येत नाही, नॅडीन."
मी काय सांगणार. माझ्याकडे फक्त टेप.

ऑगस्टमध्ये नातीला घेऊन आला. डेलिया.
मुलीची पाळी दवाखान्यात, दुपारभर सांभाळायची होती.
पुन्हा सैल करायचं, म्हणाला, मोठंच ठेवतो.
मी त्याला पाटावर उभं केलं, खडूनं खूण करत होते,
तर ती म्हणाली,
"ममा म्हणते आजोबांना मिठी डावीकडून मारायची."

मशीनचा दिवा गुणगुणतो हे मला
त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.
तिचा गाल बरोबर त्याच्या पट्ट्याला लागत होता.

घोट्याला बांधतो, व्हर्लन म्हणाला.
ती फरशीवर बसून चित्रं रंगवते, मी म्हटलं.
मग काखेत.
मी टेप तिच्या पाठीला लावला. एकेचाळीस इंच.
"पुढच्या वर्षी चव्वेचाळीस. आणि मग इथे,"
खडू त्याच्या शर्टाच्या खिशावर टेकवला. पांढरा ठिपका उठला.
पुसायला हवा होता. पुसला नाही.

तो तसाच उभा, हात अंगापासून जरा दूर,
मापं घेताना सगळेच धरतात तसे.
डेलियानं त्याची करंगळी पकडली.
तेवढंच बोट तिच्या मुठीत मावत होतं.

"किती करू?"
कापडावर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन रांगा.
अजून एकदा उसवेल, त्यानंतर फाटेल.
"टाचण्यांवरच राहू दे," म्हणाला. "बुधवारी सांगतो."

तीन बुधवार झाले. पँट खुंटीवर आहे,
चिठ्ठीवर नाव, मापाची जागा कोरी.

माझ्या काउंटरखालच्या खणात, कात्र्यांच्या मागे,
एक आहे. मधल्या मापाचं.
कुणालाही चालतं, असं विकणारा म्हणाला होता.
अकरा वर्षं बाहेर काढलं नव्हतं.
काल खडू शोधताना हाताला लागलं,
आणि सहज, करंगळी कुठे येते
ते बघितलं.