मळेगे बा

पोरगा पुण्याहून आला, पाठीवर बॅग,
म्हणाला, आजी, ‘तिसरं गेट’ची गाण्यांची वही
तुमच्याकडं आहे म्हणे.
आहे की.
गव्हाच्या डब्यात ठेवलेली, कडुनिंबाच्या पाल्यात,
म्हणून कसरीनं कोपरेच तेवढे खाल्ले.

त्र्याहत्तर साल. टिळकवाडी.
गाडी यायची झाली की गेट पडायचं
आणि दोन्ही अंगांना सायकली, म्हशी, लष्कराचा ट्रक,
कॉलेजला रोज उशीर होणारे आम्ही.
एवढ्यावरच नाटक. अख्खं रॉक नाटक.
गेट पडतं ते उघडतच नाही,
माणसं तिथंच चूल मांडतात, केस वाढवतात, लग्नं लावतात,
लढाईवर निघालेला शिपाई
बूट काढून रुळावर वाळत घालतो.

शिपाई म्हणजे परशराम येळ्ळूरकर, खऱ्या सुभेदाराचा लेक.
बापानं तालमीच्या तिसऱ्या दिवशी न्हाव्याला घरीच बोलावलं.
केस गेले. बूट तेवढे काढायचे राहिले होते,
ते त्यानं काढले.

गिटार आंतोन कुलासोची, चर्चमधून न विचारता आणलेली.
ड्रम नव्हताच.
वडगावच्या यंत्रमागवाल्याचा यल्लप्पा तेलाचे डबे बडवायचा,
खटाक् खट, खटाक् खट,
म्हणायचा, मला ताल शिकवू नका गा,
आमच्यात माग थांबला की पोरं जागी होतात.

गाणी कुणी लिहिली? पोरगा विचारतो.
सगळ्यांनी. मराठी, कानडी, जराशी कोकणी,
शिव्या तिन्हींतल्या.
वहीवर आठ नावं आहेत.
माझं नाही.
माझं अक्षर.

मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकानं लिहायचं,
जोर झाला की फाटतं, कमी पडला की उमटत नाही.
ओळींच्या डोक्यावर आंतोनची सुरांची इंग्रजी अक्षरं,
मला वाटायचं गुळाला मुंग्या लागल्यात.
चाळीस प्रती. मागाच्या हिरव्या दोऱ्यानं शिवल्या.

कानडी मला यायची बाजारापुरती. लिहायला नाही.
गिरिजा मुनवळ्ळीनं चिठ्ठीवर दिलेलं
मी रांगोळीसारखं उतरवत गेले.
तिचं गाणं होतं, मनेगे बा.
घरी ये.
माझ्या हातून एक वळण चुकलं,
न चा ळ झाला.
मळेगे बा.
पावसाकडं ये.

कळलं तेव्हा चाळीसही छापून झाल्या होत्या.
मी रडले. कागद वर्गणीचा.
गिरिजानं वही उघडली, वाचली, परत वाचली,
म्हणाली, मरू दे गं, हेच बरं दिसतंय,
घरी ये म्हटल्यावर आजपर्यंत कोण आलंय?

मे महिना. व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखाली एकच प्रयोग.
ती गायली, छापलं होतं तसं.
पाऊसबिऊस काही आला नाही.
धूळ होती. डबा होता.
पोलीस निघाले होते बंद पाडायला, खरं
त्यांच्या जीपसमोर खरोखरचं गेट पडलं,
मालगाडी, लांबलचक.
ते पोचले तोवर आम्ही सतरंज्या झटकत होतो.

पुढं भांडणं झाली, नाटक कुठल्या भाषेतलं यावरून.
आमच्यात नाही.
ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांच्यात.
गिरिजा लग्न होऊन हुबळीला गेली.
यल्लप्पाचे माग भंगारात गेले, किलोवर.
त्यानंतर त्याला झोप लागली का,
विचारायला हवं होतं.
गेटावरून आता पूल गेलाय. कुणी थांबत नाही.

पोरगा पानापानाचा फोटो काढतो,
बाराव्यावर अडतो, फोनला विचारतो,
आजी, इथं एक अक्षर चुकलंय वाटतं?

नाही, म्हटलं. बरोबर आहे ते.

त्यानं तसं लिहून घेतलं.
चहा प्याला, कुंद्याचा डबा घेतला, वाकून नमस्कारही केला.
नाव विचारायचं मात्र राहिलं त्याचं.