लिंबू

दोन जॅकेटं आली खोक्यातून, नव्या प्लास्टिकच्या वासाची.
दरपत्रकात एकाचा रंग लिंबू, दुसऱ्याचा नारिंगी.
लिंबू अकरा रुपयांनी स्वस्त.
साहेब म्हणाले, चमकतंय ना लोंढेबाई? करा मग सही.

चमकत होतं.
ट्यूबलाइटखाली काय चमकत नाही?
आत्या पाटणकर बाजारात कापड उचलून
थेट दुकानाच्या पायरीवर आणायची, उन्हात उलटंपालटं करायची.
दुकानदार ओरडायचा, बाईजी, ले के भागोगी क्या!

म्हणून रायरूच्या पुढे गेले.
जानेवारी, अर्ध्या तासाचा ब्लॉक,
रुळांच्या दोन्ही अंगांना मोहरी अशी माजलेली
की डोळे बारीक करावे लागले.
मुनेश कुशवाहाला लिंबू घालून उभा केला
आणि स्लीपर मोजत निघाले.
शंभरावर वळून पाहिलं, आहे.
दीडशेवर आहे, बहुतेक.
दोनशे दहावर
एक डोकं, खाली दोन पाय,
मधला मुनेश पिकात जमा.

मग नारिंगी. दोनशे दहा, तीनशे, मोरीच्या कठड्यापर्यंत.
दिसत राहिला.
शोभून वगैरे नाही,
नुसता, तिथे कुणीतरी आहे, एवढा.

पहाटे पुन्हा गेले, धुक्यात.
तिथे रंग दोघांचेही सारखेच मेलेले.
पट्टी तेवढी बोलते, तीही तिच्यावर कुणी दिवा धरला तर.
हरज्ञानच्या जुन्या जॅकेटवर बॅटरी मारली, पट्टी गप्प.
“धोते तो रोज हैं,” तो म्हणाला,
“और घरवाली प्रेस भी कर देती है.”
इतक्या मायेनं फिरवलेली इस्त्री.
काय सांगणार त्याला.

परत येऊन शेरा लिहिला:
नारिंगी घ्यावे.
पुढे चेन नको, चिकटपट्टी हवी,
अडकलं तर माणूस मागे राहिला पाहिजे, कापड जाऊ दे.
स्वेटरवरून बसेल असं माप.
इस्त्री करू नये, हे हिंदीत, आतल्या बाजूला, मोठ्या अक्षरात.
अकरा रुपयांचं कारण म्हणून काय लिहावं
ते बराच वेळ सुचलं नाही.
शेवटी लिहिलं, मोहरी.

संध्याकाळी यार्डातून निघाले,
खांद्यावर आत्याची राखाडी शाल.
लांबून कुणीतरी शिट्टी फुंकली, मग मुनेशचा आवाज:
“मैडम, उतईं रुको!
तुम तो तनकऊ नईं दिख रईं!”