फळ्यावर जागा उरली तर

निपाने बाईंचा हात थरथरतो
म्हणून फाटकाजवळचा फळा मी लिहिते.
मी, शेवंता धकाते, तांडापेठ,
नववी पास, शाळेत खिचडी शिजवते.
खडू धरते तेव्हा बोटांना हळद असते,
त्यामुळे 'सूचना'मधला सू नेहमी जरा पिवळा.

तान्हा पोळा शाळेत साजरा होईल.
लाकडी बैल घेऊन या.
बैल नसेल तर नुसते या.
(शेवटची ओळ बाईंनी सांगितली नव्हती. ती माझी.)
सकाळी फाटकाशी एक पोतं ठेवलेलं,
आत अकरा बैल, ताज्या लाकडाचे,
एकाला कानच नव्हते.
तोच बैल पोट्ट्यांनी आधी पळवला.

पहिलीच्या वर्गात एक दात सापडला आहे.
समोरचा, वरचा. कागदात गुंडाळून ऑफिसात ठेवला आहे.
ओळख पटवून न्यावा.
दुसऱ्या दिवशी सातजण रांगेत,
ओठ वर करून,
प्रत्येकाची खिडकी उघडी.
दात कोणालाच बसला नाही.

पालक सभा. शनिवार. सकाळी अकरा.
अकराला कोण येतं?
अकराला इतवारीत पोती पाठीवर असतात,
लकडगंजात आरे चालू असतात,
दुसऱ्यांच्या घरी आपले हात भांड्यांत असतात.
खुर्च्या बत्तीस, माणसं तीन,
त्यातला एक विजेचं मीटर बघायला आलेला,
तोही बिचारा शेवटपर्यंत बसला.
पुढच्या वेळी मी अकरा पुसून
संध्याकाळचे साडेसात लिहिले.
बाई फळ्यासमोर उभ्या. चष्मा वर. चष्मा खाली.
"हे कोणी ठरवलं, शेवंता?"
मी म्हटलं, खडूनं.
त्या रात्री चटया कमी पडल्या.

रोज एक माणूस सायकल भिंतीला टेकवून
फळ्याचा फोटो काढतो.
भुवयांवर लाकडाचा भुसा.
मला वाटायचं, केवढा जागरूक बाप!
मग त्याची रेवती, तिसरी ब,
ताट पुढे करत म्हणाली,
"बाबाले वाचता येत नाही नं काकू.
रात्री मीच वाचून दाखवतो त्याले.
पूर्णविराम आला का तो हूं म्हणते."
आणि खिचडी घेऊन गेली.
मी पळी हातात धरून तशीच.
अकरा बैल आठवले.

तेव्हापासून माझी वाक्यं लहान झाली.
'उपस्थित राहावे' गेलं, 'या' आलं.
'विद्यार्थ्यांनी' गेलं, 'पोरांनी' आलं.
'स्वच्छता' टाळता येईना,
तर ती इतकी मोठी लिहिली
की रेवतीला मधे श्वास घेता यावा.

एप्रिल. पारा चव्वेचाळीस.
शाळा सकाळी सातला.
डोकं बांधून पाठवा. खिशात कांदा ठेवा.
कांदाही माझाच.

त्याच आठवड्यात वरून कागद आला.
बाईंनी तो माझ्याकडे दिला, बोलल्या काहीच नाहीत,
टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत राहिल्या.
पटसंख्या कमी.
शाळेचे समायोजन.
मी तो शब्द तीनदा वाचला.
त्यात एकही जोडाक्षर नव्हतं.
स मा यो ज न.
रेवती न अडखळता वाचून काढेल,
पूर्णविराम येईल,
आणि बाप हूं म्हणेल.

उन्हात फळा तव्यासारखा तापलेला.
कालचा कांदा पुसला.
खडू मोडला, दुसरा घेतला.
वरती सू, पिवळा.
खाली लिहिलं:

आपली शाळा बंद करायचं चाललं आहे.
साडेसातला या. सगळे या.
चटया घरून आणा.

मागे येऊन पाहिलं.
अक्षर सरळ होतं. बाई खिडकीत होत्या,
पुस म्हणाल्या नाहीत.
फळ्यावर अजून एका ओळीची जागा होती.
लिहिलं:
दात अजून ऑफिसात आहे.