पणजीत तीन दिवस, फक्त जेवायला

मिरजेत, सिव्हिलच्या मागच्या बोळात
माझी खानावळ आहे. चौसष्ट डबे.
बावीस वर्षांत दुसऱ्याच्या हातचं
सलग तीन दिवस जेवले नव्हते.
म्हणून आले. देवाला नाही,
समुद्राला तर नाहीच, तो अजून बघितलेला नाही.

फोंतेन्हासमध्ये खोली मिळाली, खाली बेकरी.
पहाटे पावाच्या वासानं जाग आली
आणि सवयीनं हात गॅसच्या बटणाकडे गेला.
तिथं भिंत होती.
खिडकीला काचेऐवजी शिंपले,
उजेड आत येत होता ताकाच्या निवळीसारखा.
बाहेर एक घर निळीचं, एक हळदीचं, एक गेरूचं.
पुढचे रंग मोजले नाहीत, भूक लागली होती.

पहिल्या दिवशी शाकुती.
खसखस ओळखली, दगडफूल ओळखलं,
जायफळ तर लपत नाहीच.
एक काहीतरी मात्र हाताला लागेना.
रात्रभर जिभेनं दातांमागे शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी बांगडा, पोटात लाल मसाला भरलेला.
आंबट, पण चिंचेचा नव्हे, कोकमाचा नव्हे.
"माडाची विनेगर, बाय," वेटर म्हणाला.
दोन बाटल्या घेतल्या.
घरी फोन केला. शालन म्हणाली,
आमटी खारट झाली, पोरं काही बोलली नाहीत.
म्हणजे नक्कीच फार खारट झाली असणार.

तिसऱ्या दिवशी एक जुनं घर बघायला गेले. तिकीट दोनशे.
गाइड पोरगा जोव्हियल, छान बोलायचा:
हे झुंबर, ही नाचाची खोली, ही चिनी बशी,
आणि मिरची, मॅडम, मिरचीसुद्धा
मेक्सिकोकडची, जहाजातून आली.
मी थांबले.
माझी ब्याडगी? माझी संकेश्वरी?
ज्या लाल तर्रीवर दोन मुली शिकवल्या, ती पाहुणी?
असेल. आली असेल.
पण आल्यावर वाटली कुणी?
"स्वयंपाकघर कुठंय?"
"ते तिकिटात नाही."

आतून घरमालक आले, आलेशू बाब,
ऐंशीच्या पुढचे, शर्टाची बटणं वरखाली.
काही न विचारता त्यांनी किल्ली काढली.

अंधार. काजळी धरलेली कौलं.
कोपऱ्यात पाटा, एवढा मोठा की माणूस निजेल.
मी उकिडवी बसले, हात फिरवला.
डावीकडे खोलगट. उजवी बाजू तशीच कोरी.
"वाटणारी डावरी होती."
म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला.
"कोन्सू," म्हणाला. "दाव्या हातान वाटतालें."
आडनाव आठवेना. गाव, कुठंतरी नदीपलीकडे.
बाहेर भिंतीवर नऊ तसबिरी, मिशा, पदकं.
ती कुठल्याच चौकटीत नव्हती.

मीही डावरी.
लग्नानंतर सहा वर्षं मला पंगतीत वाढू दिलं नाही.
हे मी आलेशू बाबना सांगितलं नाही.
पाट्याला सांगितलं असेल, आठवत नाही.

निघताना वही पुढं केली: नाव, देश, अभिप्राय.
वरच्या ओळी लिस्बन, पुणे, लिस्बन.
सगळ्यांना झुंबर आवडलं होतं.
मी लिहिलं: सुलभा कारंडे. मिरज.
पाट्याला टाकी लावून घ्या. अजून चालेल.

परतीच्या बसमध्ये, आंबोलीच्या वळणावर,
एक बाटली फुटली.
दोन साड्या, एक पोळपाटाएवढा डाग,
आणि अख्ख्या बसला आंबट वास.
शेजारच्या बाईनं नाक धरलं.
तेवढ्यात कळलं:
ते खोबरं होतं.
फक्त, मी ज्या घडीला तवा उतरवते
त्याच्या पुढं
थोडा वेळ कुणीतरी धीर धरला होता.