थंडीवाले

हर्णैत आम्हाला थंडीवाले म्हणतात.
जणू डोक्यावर टोपली घेऊन
दारोदार हिंडतो आम्ही:
घ्या हो, निफाडची थंडी, चार अंशांची, ताजी.

तुळशीचं लग्न लागलं की निघायचं.
घाटभर कौसल्याच्या मुठीत लिंबू,
दापोली मागे पडते, उतार लागतो,
आणि एका वळणावर काचेत एकदम समुद्र.
दर वर्षी ती म्हणते, "आहे अजून."
दर वर्षी मी म्हणतो, "जातोय कुठं."

तीस वर्षं ओझरला
विमानांच्या पोटात शिरून पाने फिरवले.
उडालो कधीच नाही.
आता गुडघ्याच्या वाट्या वाजतात.
डॉक्टर म्हणाला, थंडी टाळा,
जसं सांगावं, तिखट टाळा.

रुकय्या मुकादमच्या मागच्या दोन खोल्या.
बरणीतल्या गेल्या वर्षीच्या मिठाचा
ओल धरून दगड झालेला.
कौसल्या आधी तो बत्त्याने फोडते,
मग पदर खोचते.
म्हणजे हिवाळा सुरू.

पहाटे वीस अंश. गाव कानटोप्यांत.
"काय गारठा पडलाय, भाऊ!"
मी बनियनवर उभा, मान डोलावतो.
दुसऱ्याच्या थंडीला हसू नये,
एवढं नऊ वर्षांत शिकलोय.

घरून मुलगा फोटो धाडतो:
बागेत रात्रभर शेकोट्या,
घडांवर धूर, पानावर दवाची काच.
मफलरमधून त्याचे नुसते डोळे दिसतात,
तांबारलेले, माझ्यासारखे.
मी अंगठा पाठवतो. पिवळा.
तेवढाच हातभार.

संध्याकाळी बैलगाड्या पाण्यात शिरतात,
होड्यांवरच्या टोपल्या उतरवून घेतात,
ओल्या वाळूवर लिलाव पुकारला जातो.
पहिल्या वर्षी हिने पदर नाकावरून काढला नव्हता.
आता सुरमईचा भाव हिला विचारावा.
खात नाही अजून. भाव तोंडपाठ.

पलीकडच्या खोलीत देवासचे खासगीवाले येत,
बँकेतून निवृत्त, एकटे.
घडीची खुर्ची किनाऱ्यावर टाकून,
सुवर्णदुर्गाकडे तोंड करून
कुरव मोजत.
डायरीत लिहीत: एकोणीस. एकशे चार.
आज कुत्रं भुंकलं, मोजणी रद्द.

औंदा पौष सरला, ते आले नाहीत.
फोन वाजतो, वाजतो, मग एक बाई हिंदीत बोलते
आणि ती त्यांची कुणी नसते.
रुकय्याने माळ्यावरून त्यांची खुर्ची काढली,
धुतली, अंगणात उन्हात ठेवली.
मी काही बोललो नाही. तीच म्हणाली,
"मेलेल्याची खुर्ची कोण वाळवतं?"

मग मी जाऊ लागलो वाळूत.
कुरव मोजायला बसावं तर
तिसाच्या पुढे सगळे एकदम उठतात,
आपल्या आकड्यासकट.
तरी एसटीच्या तिकिटामागे लिहून ठेवतो,
अंदाजे.
ते आले तर हिशेब मागतील. बँकेचा माणूस.

परवा रात्री कलमाच्या मोहोराने झोप चाळवली.
कौसल्याही जागीच.
म्हणाली, नऊ हिवाळे, तीन-तीन महिने,
किती झाले?
सव्वादोन वर्षं, मी म्हटलं.
"म्हणजे इथं आपण आत्ता कुठं बोलायला लागलो,"
ती म्हणाली आणि कूस बदलली.

शिमग्याला थांबा, गाव म्हणतं.
कधी थांबलो नाही.
तिकडे द्राक्षांची तोडणी असते,
नातवाची परीक्षा असते.
पिशव्या भरून झाल्या.
बरणीत मूठभर मीठ उरलंय, म्हटलं, टाकून दे.
"राहू दे," ती म्हणते,
"आल्यावर फोडायला काहीतरी हवं."

रिक्षा दारात. रुकय्या
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी.
"भाऊ, आत घेऊ का ही?"
मी वर पाहतो.
नको, म्हणतो.
ऊन आहे अजून.